बळ्ळारी ओलांडल्यावर बिघडणारा तोल: कोल्हापूर–तिरुपती उड्डाणाचा एक हिशेब

विमानात भरलेल्या सगळ्या भारांत इंधन हा एकच भार असा, जो वाटेत संपत जातो. माणसे बसल्या जागी राहतात, बॅगा बांधल्या जागी राहतात, इंधन मात्र तासागणिक कमी होते. निघताना तोल बरोबर होता म्हणून उतरताना तो तसाच असेल, असे त्यामुळे धरून चालत नाही. छोट्या विमानांच्या वैमानिकांना हे पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. पण प्रत्यक्षात वजनाची मर्यादा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, तोलाची मर्यादा कागदावर राहते. आणि वजनाची अडचण सोडवायला केलेला उपाय तोलाची अडचण वाढवतो, असा प्रसंग येतो तेव्हा भलेभले गोंधळतात. खालचे प्रकरण त्याच गोंधळाचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. विमान बोनान्झा घराण्यातल्या सहा आसनी, एका इंजिनाच्या विमानांवर बेतले आहे. आकडे गोळाबेरजेचे आहेत, कुठल्याही एका विमानाच्या वजनपत्रकातले नाहीत. त्यांवरून कुणी उड्डाणाचा हिशेब करू नये. अमेरिकी बनावटीच्या विमानांची हँडबुके पौंड आणि इंचांत बोलतात, इथे सगळे किलो आणि सेंटीमीटरमध्ये मांडले आहे.

प्रसंग

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीमालकाचे घर. एप्रिलचा महिना. घरातले पाच जण तिरुपतीला निघालेत: आबा, आजी, मुलगा, सून आणि नात. कोल्हापूरकरांना तिरुपती नवे नाही. अंबाबाईला नवरात्रात तिकडून शालू येतो, आणि बालाजीला जाऊन आल्यावर अंबाबाईचे दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे मानणारी घरे इथे कितीतरी. नेहमी हरिप्रिया एक्सप्रेसने जाणारे हे कुटुंब या वेळी उजळाईवाडीच्या विमानतळावरून छोट्या विमानाने जायचे ठरवते. सरळ रेषेत अंतर सुमारे ६५५ किलोमीटर, म्हणजे या विमानाला सव्वादोन तास.

सामानात दोन बॅगा, मिळून १५ किलो. शिवाय तिरुपतीत व्यवहारातून घरोबा झालेले एक कुटुंब आहे, त्यांच्यासाठी गुळाचे पाच-पाच किलोचे पाच रवे. एकूण ४० किलो, आणि ते सगळे शेपटीकडच्या सामानाच्या जागेत, कारण या विमानाला नाकाकडे सामान ठेवायची सोयच नाही.

टाक्या पूर्ण भरल्या तर २०० किलो इंधन बसते. अ‍ॅवगॅसचा, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलचा, एक लिटर साधारण ०.७२ किलोचा, म्हणजे जवळपास २७८ लिटर. सगळी बेरीज केल्यावर वजन भरते १६८० किलो. परवानगी १६३० ची. पन्नास किलो जास्त.

मुलगा म्हणतो, "कॅप्टन, मग पन्नास किलो तेल कमी भरूया की. माणसं तर कमी होत नाहीत."

वैमानिकालाही पहिल्या झटक्यात ते पटते. तिरुपतीपर्यंत जमिनीवरचे चालणे (टॅक्सी), चढाई धरून सुमारे १०० किलो इंधन जाईल. १५० भरले तर उतरताना ५० उरेल. तासाला ४० किलोच्या हिशेबाने ते सव्वा तासाचे झाले. रेणिगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळावर, काही अडचण आली तर चेन्नई शंभर किलोमीटरच्या आत आहे. वजन बरोबर १६३०. वर एप्रिलचे ऊन आहे, विमान हलके असलेले बरेच. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. दुपारी पारा ३७ वर गेला की तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, आणि इंजिन, पंख, पुढचा पंखा (प्रॉपेलर) सगळेच सुस्तावतात. तेव्हा भार कमी करण्याची कल्पना एरवी शहाणपणाची.

पण वैमानिकाने अजून तोलाचा हिशेब केलेला नाही.

हिशेब

रीत सोपी आहे. विमानाच्या नाकाजवळ एक काल्पनिक रेघ धरतात. त्या रेघेपासून प्रत्येक भार किती अंतरावर आहे ते हँडबुकात दिलेले असते. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटांची बेरीज भागिले एकूण वजन, म्हणजे गुरुत्वमध्य, विमानाचे सगळे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू. वैमानिक त्याला नुसते सीजी म्हणतात.

| भार | वजन (किलो) | अंतर (सेंमी) | मोमेंट |
|---|---|---|---|
| रिकामे विमान | १०६० | १९८ | २,०९,८८० |
| पुढे: वैमानिक ७८, मुलगा ८४ | १६२ | २०० | ३२,४०० |
| मध्ये: आबा ७२, आजी ६६ | १३८ | २९० | ४०,०२० |
| मागे: सून ५८, नात २२ | ८० | ३८५ | ३०,८०० |
| सामान | ४० | ४२० | १६,८०० |
| इंधनाशिवाय एकूण | १४८० | २२२.९ | ३,२९,९०० |

इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला आहेत, रेघेपासून १९० सेंटीमीटरवर. सीजी कमाल वजनाला २०६ ते २२१ सेंटीमीटरच्या आत असला पाहिजे. कमी वजनाला पुढची मर्यादा आणखी पुढे सरकते, मागची २२१ वरच राहते. म्हणजे सगळा खेळ पंधरा सेंटीमीटरचा, वीतभराहूनही कमी.

आता इंधन मिळवून बघा. टाक्या पूर्ण भरल्या तर सीजी २१९.० वर येतो. तोल मर्यादेत, वजन मात्र जास्त. १५० किलो भरले तर वजन १६३०, सीजी २१९.९. दोन्ही मर्यादेत! वैमानिकाने इथे पेन खाली ठेवले असते तर कागद अगदी स्वच्छ दिसला असता. पुष्कळदा ते इथेच खाली ठेवले जाते.

उतरण्याच्या वेळचा हिशेब मात्र वेगळा निघतो. तेव्हा टाकीत ५० किलो. वजन १५३०, मोमेंट ३,३९,४००, सीजी २२१.८. मर्यादेच्या बाहेर, मागच्या बाजूला.

कारण उघड आहे. विमानाचा सीजी २२० च्या आसपास आणि इंधन १९० वर, म्हणजे इंधन सीजीच्या तीस सेंटीमीटर पुढे. इंधन जळते तेव्हा नाकाकडचा भार कमी होतो आणि तोल शेपटीकडे सरकतो. टाकी ज्या बाजूला, तिच्यापासून सीजी दूर जातो, एवढेच सूत्र. या टाकीत नेमके ९१ किलो उरते तेव्हा सीजी २२१ वर पोचतो. म्हणजे १५० पैकी ५९ किलो जळले की मर्यादा संपली. कोल्हापूरहून तिरुपतीची सरळ रेषा नकाशावर ओढली तर निम्म्या वाटेवर बळ्ळारी येते; मर्यादा ओलांडण्याची जागा तिथून पुढे, अनंतपूरच्या अलीकडे. कुणालाही काही जाणवणार नाही. हवा शांत असेल, नात झोपली असेल, आणि विमान प्रमाणपत्राच्या चौकटीबाहेर गेलेले असेल.

बाहेर गेले तर काय होते

विमान लगेच पडत नाही. ही गोष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण "मर्यादा ओलांडली आणि कोसळले" असे सांगणारे किस्से ऐकून लोक एक तर घाबरतात, नाही तर एकदा ओलांडून सुखरूप आल्यावर मर्यादाच खोटी समजतात. दुसरी जात जास्त वाईट.

पंखांची उचल सीजीच्या थोडी मागे लागते, त्यामुळे विमानाचे नाक स्वभावतः खाली जाऊ पाहते. शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेने दाब देऊन ते सावरतो. एखाद्या झोताने नाक वर गेले की ही रचना त्याला आपोआप खाली आणते. सीजी मागे सरकत जातो तसा हा आपोआप सावरण्याचा गुण क्षीण होत जातो. एका बिंदूला तो पूर्ण संपतो. त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. त्याच्याही मागे सीजी गेला तर नाक वर उचलले गेले की अधिकच वर जाऊ लागते. ऊस भरताना मागे जास्त मोळ्या टाकल्या की बैलगाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटते, तसेच काहीसे.

मागची मर्यादा न्यूट्रल पॉइंटच्या बरीच अलीकडे आखलेली असते. आठ मिलिमीटर बाहेर म्हणजे ताबडतोब अनर्थ नव्हे. पण फरक हातात जाणवतो: स्टिकला (नाक वर-खाली करायच्या दांड्याला) लागणारे बळ कमी होते, थोड्याशा ओढीनेही नाक झपकन वर येते. उतरताना धावपट्टीच्या वर नाक उचलायचे असते, तिथे हाताला सवय असते नेहमीच्या ओढीची. सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे उतरणे रद्द करून परत वर जाणे. पूर्ण शक्ती दिली की नाक आपसूक उसळते, ट्रिम (शेपटीचा दाब ठरवून ठेवणारी मांडणी) उतरण्याचा असतो, वेग कमी असतो. स्टॉल झाला, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल तुटली, तर नाक खाली आणायला जो सहजपणा हवा तोच कमी झालेला असतो, आणि स्पिन लागला, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, तर त्यातून बाहेर पडणे अवघड होते. म्हणजे इंधन कमी, प्रवासी दमलेले, वैमानिक घाईत, अशा प्रवासाच्या शेवटच्या दहा मिनिटांतच विमान सर्वांत लहरी असणार.

पुढची मर्यादा ओलांडली तर उलटे होते. नाक जड, स्टॉलचा वेग जास्त, आणि उतरताना नाक उचलायला शेपटीचे बळ पुरत नाही. तीही वाईटच, पण ती बहुधा जमिनीवरून उठतानाच कळते.

सुचवलेले उपाय आणि त्यांचे काय झाले

मुलाचा दुसरा प्रस्ताव: "अजून कमी भरा. बळ्ळारीला उतरून परत भरू."

हा प्रस्ताव ऐकायला सावध वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत वाईट आहे. १५० च्या जागी ९० किलो भरले तर सीजी कोल्हापूरच्या धावपट्टीवरच मर्यादेबाहेर जातो. जितके इंधन कमी तितका तोल मागे. शिवाय अ‍ॅवगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही; मोठी विमाने जे तेल पितात ते एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचे, या इंजिनाला ते चालत नाही. वाटेत उतरून भरू, हे मोटारीचे गणित आहे.

वैमानिकाचा पर्याय: टाकीत ९१ किलोच्या खाली कधीच जायचे नाही. मग तिरुपतीला ९१ उरवायला निघताना १९१ हवे. वजन १६७१. वजनाची मर्यादा आड आली.

आता प्रकरणाचा खरा आकडा समोर येतो. वरून वजनाची मर्यादा म्हणते १५० पेक्षा जास्त भरू नका. खालून तोलाची मर्यादा म्हणते ९१ च्या खाली जाऊ नका. म्हणजे या भारासह विमानाजवळ जाळण्याजोगे इंधन आहे फक्त ५९ किलो. टाकी २०० किलोची आणि वापरता येण्याजोगा पल्ला निम्म्या वाटेपेक्षा थोडा जास्त. हा आकडा कोणत्याही काट्यावर दिसत नाही. इंधनाचा काटा सव्वादोन तासांचे तेल बाकी दाखवत असतो, आणि ते तेल असूनही उपयोगाचे नसते.

जागा बदलून बघावे तर पुढे सर्वांत जड दोघे, मागे सर्वांत हलके दोघे, अशीच मांडणी आधीपासून आहे. त्यातून आणखी काही मिळत नाही. उलट आबांची मनापासून इच्छा पुढे वैमानिकाशेजारी बसायची, आणि तसे केले तर ८४ किलोचा मुलगा मध्ये जाऊन तोल आणखी मागे सरकणार.

उरला गूळ.

आबांचे म्हणणे, "पावण्यांच्या दारात रिकाम्या हातानं जायचं व्हय? पंचवीस किलोनं इमान अडतंय?"

अडते, कारण तो पंचवीस किलो ४२० सेंटीमीटरवर आहे. तेच वजन पुढच्या सीटवर असते तर तोलाला त्याने उलट मदतच केली असती. मागे ठेवलेला गूळ एकटा सीजीला ३.४ सेंटीमीटर मागे ढकलतो, पंधरापैकी. गूळ उतरवला तर सामान १५ किलो, इंधनाशिवायचे वजन १४५५, सीजी २१९.५. म्हणजे टाक्या कोरड्या झाल्या तरी तोल मर्यादेत. आणि वजनात जी जागा झाली तिच्यात २५ किलो इंधन जास्त भरता येते: १७५ किलो. निघताना सीजी २१६.३, उतरताना ७५ किलो उरून २१८.१.

इथे हिशेबाचा सगळा अर्थ उलटतो, आणि हे मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या प्रस्तावात नाकाकडचा भार काढून वजन साधले होते, आता शेपटीकडचा काढून साधले. निघतानाचे वजन दोन्हीकडे तेच, १६३० किलो. काट्यावर दोन्ही विमाने सारखी. एक तिरुपतीपर्यंत जाऊ शकते, दुसरे नाही.

गूळ आदल्या दिवशी हरिप्रियाने पार्सल करायचे ठरले. आबांना पुढची जागाही मिळाली, कारण त्यांना पुढे आणि मुलाला मध्ये बसवून इंधनाशिवायचा सीजी २२०.३ येतो. मर्यादेच्या आत, सात मिलिमीटर राखून. आणि निघायची वेळ पहाटेची ठेवली. २२ अंशांना उजळाईवाडीची हवा सव्वातीन हजार फुटांवरच्यासारखी वागते, ३७ अंशांपेक्षा कितीतरी बरी.

सात मिलिमीटर राखायचे तर मात्र वजने खरी हवीत. घरात वजन विचारले की जो तो चार-पाच किलो कमी सांगतो, आणि लग्नाला जाताना शिवलेल्या कपड्यांच्या मापावरून काढलेला अंदाज कामाचा नाही. प्रत्येकाला बॅगेसकट काट्यावर उभे करणे हा एकच मार्ग. इंधनही डिपस्टिकने मोजायचे, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबायचे नाही.

प्रत्येक विमान असेच वागते का

नाही, आणि म्हणून एका विमानावरची सवय दुसऱ्यावर नेणे धोक्याचे. फ्लाइंग क्लबांमधले नेहमीचे सेसना १७२ घ्या. त्याच्या १७२ एस या आवृत्तीत इंधन रेघेपासून ४८ इंचांवर आहे आणि सीजीची मागची मर्यादा ४७.३ इंच. टाकी मर्यादेच्याही मागे. त्यामुळे मर्यादेत भरलेल्या सेसनात इंधन जळेल तसा तोल पुढेच सरकतो, तोही किंचित. सेसनावर शिकलेला वैमानिक "इंधन कमी झाले की तोल सुधारतो" असे नकळत शिकून येतो. मग बोनान्झात बसतो. दोन्ही विमाने आपापल्या जागी उत्तम आहेत. चुकते ते एकाची सवय दुसऱ्याला लावणे.

मोठ्या जेटचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे टोकाकडच्या टाक्यांतले इंधन बरेच मागे असते आणि कोणती टाकी आधी रिकामी करायची याचा क्रम ठरलेला असतो. एअरबस ए ३३० सारख्या विमानांत तर शेपटीच्या आडव्या पंखातही टाकी आहे. तिथे इंधन पाठवून सीजी मुद्दाम मर्यादेच्या आत मागे नेतात, कारण शेपटीला कमी दाब द्यावा लागला की हवेचा अडथळा कमी होतो आणि तेल वाचते. कॉन्कॉर्डची गोष्ट याहून पुढची. ध्वनीचा वेग ओलांडताना पंखांची उचल मागे सरकायची, म्हणून कॉकपिटमधला फ्लाइट इंजिनिअर टनावारी इंधन मागच्या टाकीत पंपाने सोडत असे, आणि वेग कमी करताना परत पुढे आणत असे. जे आपल्या प्रकरणात अपघाताने घडले असते ते तिथे रोजचे काम होते.

उजळाईवाडीहून एअरलाइनने जाणाऱ्यांनाही याचा हलका अनुभव येतो. अर्ध्या रिकाम्या टर्बोप्रॉपमध्ये (पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानात) कधी कधी "कृपया मागच्या रांगेत बसा" असे सांगतात, आणि लोक कुरकुरतात. ती विनंती लोड अँड ट्रिम शीटवरून, म्हणजे वजन आणि तोलाच्या हिशेबाच्या कागदावरून, आलेली असते.

परतीचे गणित

परतीला गूळ नाही, पण लाडू आहेत. तिरुपतीचा नेहमीचा लाडू पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असतो आणि कोल्हापुरात पोचल्यावर भावकी, शेजार, फौंड्रीतले कामगार सगळ्यांना वाटायचा असतो. सामानाची जागा तीच, ४२० सेंटीमीटरवर.

इंधन संपेपर्यंत तोल मर्यादेत राहावा अशी अट घातली तर मागे किती भार चालेल, हे उलट गणिताने काढता येते. मुलगा पुढे असेल तर पंचवीस किलो. आबा पुढे असतील तर वीस. बॅगांचे पंधरा वजा केले की पहिल्या मांडणीत लाडवांना दहा किलो मिळतात, दुसऱ्या मांडणीत पाच. दहा किलो म्हणजे साधारण सत्तावन्न लाडू, पाच किलो म्हणजे अठ्ठावीस. इंधन दोन्ही वेळा १६३० किलोची मर्यादा गाठेपर्यंत भरायचे: पंचवीस किलो सामानाला १६५, वीसला १७०. वैमानिकाने हे कागदावर मांडून आबांपुढे ठेवले. आबांनी लाडू निवडले आणि मधल्या सीटवर जाऊन बसले.